माझ्या नावाचा उरलेला अर्थ

अब्बांना सलाम,

मी बरा आहे. वेल्डिंग करताना भाजलेला हात भरून आलाय, अम्मीला सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

आता मुद्द्याचं बोलतो. आमची खोली तुम्ही धाकट्याला दिलीत आणि माझ्या बायकोची पेटी स्वयंपाकघरात हलवलीत. वर लिहिता, "तू साबिर आहेस, समजून घेशील." लहानपणापासून हेच ऐकतोय. सायकल धाकट्याला, कॉलेज धाकट्याला, परदेश मला, कारण काय तर माझं नाव साबिर, म्हणजे सबुरी धरणारा! नाव ठेवलंत की तोंडाला कुलूप लावलंत?

माझ्यासोबत राहणाऱ्या क्रेनवाल्याची मायबोली अरबी आहे. त्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, मूळ अर्थ बांधून ठेवणं, स्वतःला आवरून धरणं. त्याच अक्षरांचा शब्द कोरफडीच्या कडू रसालाही आहे. आणि लढाईत बाकीचे पळाले तरी जो जागा सोडत नाही, तोही साबिरच. मी म्हटलं, "आमच्या अब्बांनी अर्धाच अर्थ सांगितला." तो इतका हसला की हातातला चहा सांडला. मला हसू आलं नाही.

तर अब्बा, मी जागा सोडत नाही. पेटी होती तिथे ठेवा. माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय, ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर झोपणार नाही. रात्री तिचे पाय सुजतात का, तेवढं अम्मीला विचारून कळवा.

आणि बाळाचं नाव मी ठेवणार. तुम्ही त्यात पडू नका.

अजून तरी तुमचाच,
साबिर