नखातला चिखल

बुधवार, संध्याकाळ. भंडाऱ्याचा दवाखाना.

सलाईन डाव्या हाताला आहे, म्हणून लिहिता येतंय. गुडघे अजून ठणकतात, पण कालच्याइतके नाही.

सिकलसेलवाल्या पोरीने गार पाण्यात उतरायचं नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. दरवर्षी धानाच्या रोवण्याला मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसते आणि बायांना प्यायचं पाणी देते. परवा रोवायची शेवटची बांधी होती, घोटाभर पाण्याची. मी उतरले. धानाची एकच ओळ लावली आणि रात्री दुखणं सुरू झालं. आईला सांगितलं, पाय घसरला.

एका ओळीसाठी एवढं? हो, बहुतेक.

सिस्टरने हातपाय धुऊन दिले, तरी नखातला चिखल राहिलाच. तो जाऊ नये असं वाटतं.

आत्ता आई केसातल्या पिनेने माझी नखं कोरत होती.

"पाय घसरला म्हन्ते, अन् चिखल हाताच्या नखात कसा?"

मी बोटं मिटायला गेले, तिने ती पुन्हा उघडली.

"पुन्हा पाण्यात उतरली त टंगडी तोडीन."

"हो."

ती जरा वेळ कोरत राहिली. मग हळूच म्हणाली, "ओळ सरळ आली का?"

"सरळच आली."

तिने पिन केसात खोचली. करंगळीचा चिखल तसाच ठेवला.