घराचा विमा

सोमवार, दिवेलागण

सीना नदीच्या पुराचं पाणी ओसरलं, म्हणून आज शिवणकाम करणाऱ्या कमलमावशींकडे गेलो. त्यांच्या घराचा विमा मीच उतरवला होता. भिंती शाबूत आहेत, पण शिलाई मशीनमध्ये गाळ भरलाय. विम्यात पूर आहे, पण फक्त बांधकामापुरता. सामानाचा वेगळा घ्यावा लागतो. मी ते तेव्हाच का सांगितलं नाही? फॉर्म भरताना "घराचाच ना?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या होत्या, "व्हय की, घराचा."

आज सगळं समजावलं. मशीनचं चाक पुसत त्यांनी विचारलं, "मग घर म्हंजी काय रं?"

मी विम्याचे कागद पिशवीत कोंबले आणि निघालो. आता घरी आतल्या खोलीत बायको मशीनवर शिवतेय, तो आवाज ऐकवत नाही. तिला थांब म्हणावं, तर कारण काय सांगू?