एका चुळीचं पाणी

मंगळवार, सांज

आमचा दत्ता गावच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर डायवर हाय. आज बीडहून एक माणूस दारू तपासायचं मशीन घेऊन सोसायटीत आलता. पोराला खोकला लई, म्हणून तिथंच मी त्याला दोन चमचे आसव पाजलं. त्यानं फुंकलं आन मशीन बोंबललं!

माणूस भला. म्हणला, "औषधानं बी होतं असं. चूळ भरा, पाव घंट्यानं परत फुंका."

सोसायटीचा माठ कोरडा. मी टँकरकडं बोट दाखवलं, तर सेक्रेटरी म्हणतो, "काकू, ते गावाचं पाणी हाय."

"आन दत्ता कुण्या गावचा रं? तुज्या सासुरवाडीचा?"

समदे हसले. पण सेक्रेटरीनं कागदावर 'दारू पिऊन' लिवलंच, किल्ली काढून घेतली. गावाला पाणी वाटणाऱ्या पोराला एक चूळ न्हाई! मी तोटी कावून न्हाई उघडली? हसवत बसले नुसती.

मशीनवाला उद्या बी हाय. तांब्या भरून नेते. दत्ता आसव घेईल, चूळ भरंल, पाव घंट्यानं फुंकंल. मग सेक्रेटरीची पाळी, समद्यांसमोर. सकाळी सकाळी मूठभर बडीशेप कावून चघळतो त्यो, मला ठावं हाय.