दहाचे एकवीस

२३ डिसेंबर २०२५, सकाळी
बरोबर तीन महिने उरले. २३ मार्च २०१६ला इथल्या बँकेत दहा लाख ठेवले, दहा वर्षांसाठी, साडेसात टक्के, चक्रवाढ. बाबांच्या प्लॉटमधला माझा वाटा. त्याचे होतात एकवीस लाख दोन हजार. व्याजावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज. आपण फक्त गप्प बसायचं. गप्प बसायलाही अक्कल लागते.
पावती एकदाही काढून पाहिलेली नाही. शिजत्या भाताचं झाकण सारखं उघडू नये.

संध्याकाळी
खात्यात अठरा हजार सातशे पन्नास जमा. महागाई भत्त्याची थकबाकी! सरकार उशिरा देतं, पण नेमाने देतं. असला वरचा पैसा साठवायचा नसतो. मसाजची खुर्ची ऑर्डर केली. पद्मिनी म्हणाली, मागच्या थकबाकीच्या ट्रेडमिलवर कपडे वाळतायत. चंदिगढच्या थंडीत कपडे वाळत नाहीत, म्हणजे उपयोग झालाच की.

११ जानेवारी २०२६
साताऱ्याचा फ्लॅट बुक केला. एक लाख टोकन. ३१ मार्चच्या आत वीस लाख भरायचे, नाहीतर टोकन बुडालं आणि फ्लॅट दुसऱ्याला. बाकीचं कर्ज. प्रतीक म्हणाला, पापा, बैंक से एक बार पूछ तो लो, पक्का है ना? पोरगा इंजिनिअर होतोय, पण बापावर विश्वास नाही.
तळमजला आहे, मागे चार फूट माती. दर बदलीला पद्मिनी आपला कढीपत्ता शेजाऱ्यांना देऊन येते. हा मात्र जमिनीत लावणार, म्हणाली.

८ फेब्रुवारी
इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान : चक्रवाढ आणि संयम. गर्दी बरी होती, नऊ जण. पंचकुल्याचे रघुनाथराव उठून म्हणाले, मी तर व्याज दर तीन महिन्यांनी काढून घेतो, खर्चाला होतं. भिकेचे डोहाळे! सगळ्यांसमोर सुनावलं, दहा वर्षांनी तुमचे दहाचे दहाच राहतील. म्हणाले, हो, ते मला ठाऊक आहे.


१ मार्च
बिल्डरचा फोन. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. छातीत धडधड. गॅस असावा. पद्मिनीने सेक्टर बावीसमधून पडद्यांचं कापड आणलं. बँकेत जाऊन चौकशी करणार नाही. अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

१९ मार्च
झोप नाही. कॅल्क्युलेटरवर चारदा केलं, चारही वेळा एकवीस लाख दोन हजार. मग भीती कसली? पावतीसाठी कपाट उघडलं. पुन्हा बंद केलं. संयम म्हणजे संयम.

२३ मार्च, दुपारी
दहा लाख.
बँकेतल्या मुलीला म्हटलं, पुन्हा बघा. तिने पाहिलं. म्हणाली, सर, ब्याज तो हर तीन महीने आपके खाते में आता रहा, अठारह हज़ार सात सौ पचास. आपने ही ऐसा चुना था.
मी? त्या दिवशी मी तिथल्या क्लार्कला चक्रवाढ समजावून सांगत होतो. बोलता बोलता सही केली असेन.
म्हणजे थकबाकी नव्हतीच. माझेच पैसे होते.

संध्याकाळी
बिल्डरकडे मुदत मागितली. नाही म्हणाला.
पद्मिनीला सांगितलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, म्हणजे ती खुर्ची आपल्याच व्याजाची? फार वाईट वाटलं. तरी चूक बँकेची. अशा गोष्टी ठळक अक्षरांत छापायला हव्यात.

५ एप्रिल
फ्लॅट गेला. टोकनही. संकल्प : दहा लाख पुन्हा दहा वर्षांसाठी. सही प्रतीक समोर असतानाच.
खुर्ची आणि ट्रेडमिल विकायला काढली. पिंजौरहून एक सरदारजी आले, दोन्हीचे मिळून चार हजार म्हणाले. त्यांना बसवून समजावलं की हे सामान घेतलं नसतं तर चक्रवाढीने आज अकरा लाख जास्त असते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. साडेतीन दिले.
ते पद्मिनीने माझ्या हातातून घेतले. कढीपत्त्याला मोठी कुंडी आणली.