तिसरा फटका

शनिवार, संध्याकाळ

आंब्याच्या बागेभोवतीच्या जाळीत माकड अडकलं होतं. शेजारचे बाबूकाका ओरडले, "सर, आज शनवार हाय, मारुतीचा वार! सोडा त्येला!" मी हसलो, बांबू उचलला. तीन फटके मारले.

सकाळीच कॉलेजात नीतिशास्त्राच्या तासाला शिकवलं होतं, नियम आणि फायदा नंतर बघा. आधी विचारा, हे करून मी कसला माणूस होईन? मुलांनी माकडांचाच विषय काढला. मी म्हणालो, आंबा वाचवायला मारावं लागलं तर मारा, पण रागाने नको.

पहिला फटका आंब्यासाठी, कबूल. दुसरा त्याचे हाल संपावेत म्हणून, असंही म्हणेन. पण तिसरा?

दुसऱ्यालाच ते निपचित पडलं होतं. मला ते दिसलं होतं.