एकाक्ष कप्तानाचा खजिना (दिग्दर्शक: मी)

४ मे, रविवार. पहाटे ५.३५
खजिना पुरला. मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. शिवणयंत्राची जुनी पेटी, आत हिचे खोटे मोती आणि पितळी तोट्या. कोणी पाहिलं नाही. स्वयंपाकघरात दिवा होता, पण तो मालवायला ही नेहमीच विसरते.

सकाळी ८
फॅमिली अ‍ॅडव्हेंचर. मुलगी नायिका, ही कप्तानाची विधवा, मेहुणा समुद्री चाचा आणि कॅमेरामनही. मुलगी एक तारखेला चार वर्षांसाठी शिकायला जाणार. त्याआधी सिनेमा पूर्ण. तिकडे मैत्रिणींना दाखवायला तिला काहीतरी हवं. माझं काही नाही.

जागा कोणालाही सांगणार नाही. आमच्या घरात अभिनयाच्या नावाने शंख. त्यामुळे शोध खरा, तर चेहरे खरे. विम्याचे दावे तपासण्यात बावीस वर्षं घालवलीत. खोटा चेहरा मला जिन्यातूनच ओळखू येतो.

११ मे
सगळे भलतीकडेच खणताहेत. मेहुण्याने पाण्याचा पाइप फोडला. उत्तम शॉट. मुलीला विचारलं, कंटाळलीस का? म्हणाली, छे बाबा, कुठे असेल या विचाराने झोपच लागत नाही. डोळे असे चमकत होते! हे शिकवून येत नाही.

१८ मे
अजून नाही. मेहुणा म्हणाला, दाजी, थोडी हिंट द्या ना. मी दगड. ही लिंबाला तीनदा वळसा घालून गेली, पण पाऊल नेमकं तिथे पडलं नाही. आमचं नशीबच दिग्दर्शकाच्या बाजूने.

२५ मे
सापडला!! मुलगी किंचाळली. ही मटकन खाली बसली. मेहुण्याचे हात थरथरून फोकस गेला. मी रडलो नाही, डोळ्यांत माती गेली.

२७ मे, मंगळवार
एडिटिंग. अठरा तारखेची फाइल. मी चहा आणायला आत गेलो तेव्हा मेहुणा कॅमेरा बंद करायला विसरला होता.
त्यात ही मुलीला सांगतेय, अगं, लिंबाकडे जाऊ नकोस, इतक्यात सापडलं तर यांचा हिरमोड होईल. मुलगी विचारतेय, आई, अजून आठवडाभर खणायचं? हात सोलले माझे. ही म्हणतेय, पहाटे खिडकीतून पाहिलं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मुलगी म्हणतेय, नको गं, बाबा किती खूश आहेत. मग मेहुण्याने माझी नक्कल केली. तिघंही पोट धरून हसले.
घरचे भेदी. पोटची पोरसुद्धा. रात्री कोणाशी बोललो नाही. जेवलो, कारण अन्नावर राग नाही.

२८ मे
संकल्प: नवी जागा, नवं शूटिंग, या खेपेला कडक गुप्तता. जाहीर केलं. ही म्हणाली, अहो, तिची बॅग भरायचीय. मेहुण्याचा फोन लागत नाही. मुलीने विचारलं, बाबा, रागावलात? म्हटलं, छे. तिला पटलं. निदान पटलेलं दाखवलं.

१ जून. सकाळी १०
मुलगी गेली. गाडी सुटताना म्हणाली, मला अजिबात वाईट वाटत नाहीये, बाबा, तुम्ही उगाच काळजी करू नका. आवाज स्थिर. हसू हवं तेवढंच.
ही म्हणाली, बघा, किती मजेत गेली पोर. हीसुद्धा हसतच म्हणाली.
मी दोघींचे चेहरे नीट पाहिले होते. काही कळलं नाही.