साहेबाच्या सहीचा पेन

प्रिय रत्नपाल,

तुझा फोन तीनदा आला, मी तीनदा कापला. फोनवर मले खोटं बोलायची लय सवय झाली, म्हणून लिहून राहिलो. गावाकडं निघालेल्या केवलरामच्या हाती देतो.

मुंबईत आमदारसाहेबाजवळ सहा वर्षं झाली. आधी गाडी चालवत होतो, आता साहेबाचा खास माणूस. आठवी नापास माणसाले एवढ्या जवळ काऊन ठेवलं? मले नावं आठवतात म्हणून. साहेब कोणाच्या खांद्यावर हात ठेवतात, अन् त्याचं नाव, गाव, कोणाचं लग्न अडलं, हे मी मागून कानात सांगतो. दोन फोन दिवसभर वाजून राहतात. एका जागी बसवत नाही, जेवतानाही उभाच असतो. परवा मायनं फोन करून विचारलं, जेवला का? माझ्या तोंडून निघालं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. माय म्हणे, मी का तुह्या साहेबाले जेवाले बलावून राहिली? मले हसू आलं, मग ताट तसंच ठेवून दुसरा फोन उचलला.

तू अन् सरपंच उदारामजी गावच्या तलावाच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन इथं आले तो दिवस आठवतो. साहेबानं चहा पाजला, सगळं ऐकलं, सही केली. खाली उतरून तू त्या सहीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. मी वरून पाहत होतो. तुले हाक मारायची होती, मारली नाही.

आता तू ग्रुपवर लिहिलं, काम मंजूरच आहे, तर सोमवारी श्रमदानानं तलावाची पाळ खोदून पाणी सोडायचं जुनं दार काढून ठेवतो. पावसाच्या तोंडावर पाळ उघडी पडली तर तलावात पाणी थांबणार नाही. चाळीस घरांचा धान त्याच पाण्यावर आहे.

पाळीले हात लावू नका. माझ्या खिशात दोन पेन असतात. हिरव्या सहीचं काम होते, निळ्या सहीचा कागद ऑफिसात पडून राहते. कोणता द्यायचा ते साहेब तोंडानं सांगत नाहीत. चष्मा काढला की निळा. त्या दिवशी तू बोलत होता तेव्हा त्यांनी चष्मा काढला. अन् निळा पेन मी माझ्या हातानं दिला.

रविवारी सकाळी साहेब विमानानं आपल्याकडच्या बिरसी विमानतळावर उतरतात. नवा अर्ज लिहून आण. उदारामजीले आण, माझ्या मायले समोर उभी कर. टीव्हीवाले पोरं राहतील. सगळ्यांच्या समोरच सही माग. साहेब चष्मा काढतील, मी हिरवा पेन देईन. एवढ्या लोकांत ते पेन वापस करणार नाहीत. त्यानंतर त्यांच्या गाडीत मले जागा राहणार नाही. तुझ्या मोटारसायकलवर मागची जागा तेवढी रिकामी ठेव.

तुझाच,
पीयूष